आकडा कुठे राहतो?



बी.कॉम. झालेल्या, एम.एस.-सी.आय.टी. केलेल्या, घरात बसून टॅली आणि एक्सेल शिकलेल्या मुली आपल्या आसपास पुष्कळ आहेत. नोकरीची जाहिरात वाचताना त्या एका ओळीशी अडखळतात. 'एक्सेल उत्तम हवं' एवढं वाचून आनंद होतो आणि पुढे लिहिलेलं असतं, 'क्लाउड प्लॅनिंग सॉफ्टवेअरवर काम केल्याचा अनुभव असल्यास प्राधान्य.' लेकीने विचारलं तर आईला सांगता येत नाही आणि बऱ्याचदा क्लासच्या सरांनाही नीट सांगता येत नाही. म्हणून आज मी त्याच एका ओळीबद्दल बोलणार आहे. एक्सेलची शीट क्लाउडमधल्या नियोजनाच्या सॉफ्टवेअरला जोडतात म्हणजे काय करतात, आणि त्या शीटसमोर बसणाऱ्या बाईने काय जपायचं असतं?

आधी कंपनीत काय चालतं ते पाहू. उदाहरणासाठी एक मसाल्याची कंपनी धरू. तिच्या बारा शाखा आहेत. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा. एप्रिलपासून नवं वर्ष सुरू होणार, म्हणून दोन-तीन महिने आधीच प्रत्येक शाखेला विचारतात, पुढच्या वर्षी किती माल विकाल, पगार किती, भाडं किती, वाहतूक किती, वीज किती? समजा खर्चाची आणि विक्रीची मिळून चाळीस शीर्षकं आहेत. बारा शाखा, चाळीस शीर्षकं, बारा महिने. गुणाकार करा. 5,760 आकडे झाले. आणि हे फक्त एका वर्षाचं अंदाजपत्रक. गेल्या वर्षी प्रत्यक्ष काय झालं ते शेजारी ठेवायचं म्हटलं की आकडे दुप्पट.

हे सगळं वर्षानुवर्षं एक्सेलमध्येच चालत आलं. मुख्य कचेरीतून एक कोरी फाईल बारा ठिकाणी ई-मेलने जाते. बारा जण ती भरतात आणि परत पाठवतात. मग मुख्य कचेरीत एकजण, बहुतेक वेळा एक मुलगीच, त्या बारा फाईली एकाखाली एक जोडत बसते. नाशिकच्या साहेबांना दुसऱ्या दिवशी भाडं वाढल्याचं आठवतं, ते नवीन फाईल पाठवतात. मग फायलींची नावं सुरू होतात. 'बजेट फायनल', 'बजेट फायनल दोन', 'बजेट फायनल नक्की'. कोल्हापूरने मध्येच एक ओळ वाढवलेली असते, त्यामुळे खालच्या सगळ्या ओळी सरकलेल्या असतात. रात्री नऊ वाजता बेरीज जुळत नाही आणि घरून फोन येत असतो.

ओळ सरकली तर एवढं काय बिघडतं, असं कुणाला वाटेल. 2003 साली कॅनडातल्या ट्रान्सआल्टा नावाच्या वीज कंपनीने न्यूयॉर्कच्या वीजवाहिन्यांच्या कंत्राटासाठी बोली लावली होती. एक्सेलमध्ये कापून चिकटवताना ओळी चुकीच्या जुळल्या, बोलीचे आकडे भलत्याच कंत्राटांसमोर गेले आणि कंपनीला दोन कोटी चाळीस लाख डॉलरचा फटका बसला. दुसरं उदाहरण विद्वानांचं आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांचा देशांच्या कर्जाबद्दलचा एक निबंध 2010 साली आला आणि जगभर गाजला. त्यांच्या एक्सेल शीटमधल्या सरासरीच्या सूत्रात पाच देश धरायचेच राहून गेले होते. ते 2013 साली दाखवून दिलं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने. मूळ शीट हातात आल्यावर त्याने सूत्र तपासलं, इतकंच.

तर अडचण माणसं हुशार नसण्याची नाही. एक्सेलच्या फाईलमध्ये आकडा, त्याचं सूत्र आणि त्याची मांडणी हे तिन्ही एकाच जागी राहतात, आणि फाईलची प्रत काढली की तिन्हींची प्रत निघते. बारा प्रती झाल्या की खरा आकडा कोणत्या प्रतीत आहे, हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही.

आता तुमच्या बचत गटाचं बँकेचं पासबुक डोळ्यांसमोर आणा.

गटाचे पैसे पासबुकात असतात का? नसतात. ते बँकेच्या खात्यात असतात. पासबुक तुमच्या पिशवीत, खातं बँकेच्या संगणकात. पासबुक मशीनमध्ये भरून आणलं की त्या क्षणापर्यंतच्या नोंदी तुम्हाला दिसतात. महिनाभर भरून आणलं नाही तर पासबुक जुनं बोलतं, खातं मात्र पुढे गेलेलं असतं. तुम्ही पेनाने पासबुकात पन्नास हजार लिहिले म्हणून खात्यात पन्नास हजार येत नाहीत. त्यासाठी भरणा पावती भरून खिडकीवर द्यावी लागते. शेजारच्या गटाचं पासबुक तुम्हाला भरून मिळत नाही. आणि पैसे काढायचे तर अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या लागतात.

जोडलेली शीट म्हणजे हेच पासबुक. आकडे राहतात क्लाउडमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कंपनीच्या दूर कुठेतरी असलेल्या मोठ्या संगणकांवर, आणि इंटरनेटने ते तुमच्या टेबलापर्यंत येतात. तुमच्या एक्सेलमध्ये एक छोटी जोडणी बसवलेली असते. तिला ॲड-इन म्हणतात. ती बसवली की एक्सेलच्या वरच्या पट्टीत एक नवा टॅब दिसतो. त्यातून आपल्या नावाने लॉग-इन करायचं. 'रिफ्रेश' दाबलं की शीट भरून येते, पासबुकासारखी. आकडा बदलून 'सबमिट' दाबलं, की तो खात्यात जातो. सबमिट केलं नाही तर तो फक्त तुमच्या शीटवर राहतो, पेनाने लिहिलेल्या पन्नास हजारांसारखा.

अशी सॉफ्टवेअरं बरीच आहेत. ओरॅकलच्या प्लॅनिंगसाठीच्या जोडणीचं नाव स्मार्ट व्ह्यू. आयबीएमचं प्लॅनिंग ॲनालिटिक्स, सॅपचं ॲनालिटिक्स क्लाउड, ॲनाप्लॅन, वर्कडेचं अडॅप्टिव्ह प्लॅनिंग, या सगळ्यांनी एक्सेलसाठी आपापली जोडणी दिलेली आहे. बटणांची नावं थोडी वेगळी असतात. कुणी सबमिट म्हणतं, कुणी पब्लिश. पण आणणं आणि पाठवणं, ही दोन कामं सगळीकडे तीच.

एवढं मोठं सॉफ्टवेअर घेतल्यावर पुन्हा एक्सेलच कशाला, असा प्रश्न येतो. कारण चौकटींची सवय माणसाला सोडवत नाही. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी 1979 साली व्हिसिकॅल्क हे संगणकावरचं पहिलं गाजलेलं शीट आणलं. एक्सेल आलं 1985 साली. तेव्हापासून हिशेबनीस माणूस आडव्या ओळी आणि उभ्या रकान्यांतच विचार करतो. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी लवकर ओळखलं. 1992 साली आर्बर सॉफ्टवेअर या कंपनीने एस्सबेस नावाची आकड्यांची कोठी बाजारात आणली, तीही शीटमधूनच उघडता येईल अशी. विस्तारलेल्या शीटची कोठी, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरूनच ते नाव पडलं. आज तिच्यामागचा संगणक कंपनीच्या तळघरातून क्लाउडमध्ये गेला आहे, एवढाच मोठा फरक.

आता ती शीट हातात आल्यावर काय सांभाळायचं ते सांगते. वही-पेन जवळ असेल तर टिपून घ्या.

पहिली गोष्ट, आकड्याचा पत्ता. साध्या एक्सेलमध्ये आकड्याचा पत्ता म्हणजे रकाना आणि ओळ. इथे पत्ता लांबलचक असतो. कोणती शाखा, कोणतं शीर्षक, कोणता महिना, कोणतं वर्ष, प्रत्यक्ष की अंदाजपत्रक, आणि अंदाजपत्रकाची कच्ची आवृत्ती की पक्की? पत्त्यातला काही भाग ओळींत दिसतो, काही रकान्यांत, आणि उरलेला शीटच्या वरच्या बाजूला किंवा एका छोट्या पट्टीत असतो. नजर खालच्या चौकटीवर असते आणि वर वर्ष मागचं राहिलेलं असतं. आकडा बरोबर, पण गेला भलत्या घरी. टपालाचंच उदाहरण घ्या. पत्र चांगलं लिहून पिनकोड चुकला तर काय होतं? म्हणून लिहिण्याआधी वरचा पत्ता मोठ्याने वाचा. हसतील शेजारचे, हसू द्या.

दुसरी गोष्ट, मोजमाप. शीट आकडे रुपयांत दाखवते, हजारांत की लाखांत? परदेशी कंपनीचं काम असेल तर मिलियन असतात, आणि एक मिलियन म्हणजे दहा लाख. शीट हजारांत असताना तुम्ही पाच लाखांसाठी पाचावर पाच शून्यं दिलीत, तर तिकडे पन्नास कोटी नोंदले जातात. तिथे फक्त पाचशे लिहायचे असतात.

तिसरी गोष्ट, रिकामी चौकट आणि शून्य. घरखर्चाच्या वहीत दोन्हींचा अर्थ आपण एकच धरतो. इथे तसं नाही. रिकामी चौकट म्हणजे अजून कुणी काही सांगितलेलं नाही. शून्य म्हणजे विचार करून सांगितलं आहे, खर्च नाही. नाशिकची चौकट रिकामी असेल तर मुख्य कचेरी फोन करेल. तुम्ही शीट नीटनेटकी दिसावी म्हणून सगळीकडे शून्यं भरून पाठवलीत, तर फोन येणार नाही आणि भाड्याचे पैसे अंदाजपत्रकात धरलेच जाणार नाहीत.

चौथी गोष्ट, बेरजेच्या चौकटीत लिहिणं. काही सॉफ्टवेअरांत वर्षाच्या एकूण रकमेत आकडा टाकला, की तो आपोआप बारा महिन्यांत वाटला जातो. काही ठिकाणी बेरजेची चौकट बंद ठेवलेली असते. वाटून मिळतं ते सोयीचं वाटतं, पण कसं वाटलं ते पाहायला हवं. सारखं वाटलं की गेल्या वर्षीच्या प्रमाणात? आपल्या मसाल्याच्या कंपनीचंच बघा. वर्षाचा मसाला आपण कधी करतो? उन्हाळ्यात, मिरच्या वाळवून. मिरची-धण्याचा उठाव तेव्हाच. विक्रीचे 12 कोटी दर महिन्याला एक कोटी असे सारखे वाटले, तर कागदावर बेरीज अगदी बरोबर येईल, पण एप्रिल-मे महिन्यात गोदामात माल कमी पडेल आणि पावसाळ्यात पडून राहील. हे यंत्राला कळत नाही. पाटा-वरवंटा, डंख आणि कांडप ज्यांनी पाहिलंय त्यांना कळतं.

पाचवी गोष्ट, जुना आकडा. शीट साठवून ठेवली आणि आठवड्याने उघडली तर आठवड्यापूर्वीचेच आकडे दिसू शकतात. म्हणून उघडल्याबरोबर आधी रिफ्रेश. कुणाला छापून किंवा ई-मेलने द्यायची झाली, तर वरती तारीख आणि वेळ लिहायची सवय ठेवा. ज्यांच्या संगणकात ती जोडणीच नाही, त्यांना जोडलेली सूत्रं पाठवू नका. त्यांच्याकडे आकड्यांच्या जागी चुकीच्या खुणा उमटतात. त्यांना नुसते आकडे ठेवलेली प्रत द्या. आणि आपली स्वतःची बेरीज-वजाबाकीची सूत्रं शक्यतो वेगळ्या शीटवर ठेवा. रिफ्रेश करताना ती पुसली जाऊ शकतात.

आता सहावी गोष्ट. ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण ती सॉफ्टवेअरची कमी आणि आपली जास्त आहे.

या पद्धतीत प्रत्येकाला वेगळा लॉग-इन असतो. नाशिकच्या माणसाला नाशिकचंच दिसतं. पगाराचे आकडे ठरावीक लोकांनाच दिसतात. पूर्वी पगाराचा रकाना लपवून फाईल पाठवायचे आणि कुणीही दोन क्लिकमध्ये तो उघडायचं. ते इथे थांबतं. शिवाय कोणता आकडा कुणी आणि केव्हा बदलला, याची नोंद ठेवता येते. शाखेने आकडे भरले, शाखाप्रमुखाने मान्य केले, मग मुख्य हिशेब अधिकाऱ्याने मान्य केले, की कुलूप लागतं. गटाच्या दोन सह्यांसारखंच.

पण कचेरीत काय होतं? साहेब प्रवासात असतात, घाईत असतात. ते म्हणतात, "मॅडम, तुमच्याच लॉग-इनने भरून टाका." किंवा, "माझा पासवर्ड घ्या आणि मान्यता देऊन टाका." नवी मुलगी नाही म्हणत नाही. तिला वाटतं, विश्वास टाकला माझ्यावर. चार महिन्यांनी विक्री कमी भरते आणि विचारणा होते, हा फुगवलेला आकडा कुणी टाकला? नोंद काढतात. नोंदीत साहेबांचं तोंडी सांगणं नसतं. नोंदीत तुमचं नाव असतं, तारीख असते, वेळ असते.

अहो, कोऱ्या चेकवर सही करू नये, हे आपण गटात शिकलो ना? लॉग-इन ही सही आहे. ती उसनी द्यायची नाही आणि उसनी घ्यायचीही नाही. साहेबांना उद्धट न होता सांगता येतं, "सर, मी आकडे भरून ठेवते, मान्यता तुम्ही मोबाइलवरून किंवा आल्यावर द्या. तुम्ही सांगितलेला आकडा एका ओळीत मेलवर पाठवाल का? मी तो टिपणीत लिहून ठेवते." चौकटीला टिपणी जोडायची सोय बहुतेक ठिकाणी असते. आकडा कुठून आला, कुणी सांगितला, कोणत्या भाडेकराराच्या आधारावर धरला, ते तिथे लिहा. काम करणाऱ्या बाईचं नाव पूर्वी बारा फायलींच्या ढिगात हरवायचं. इथे ते राहतं. चांगलं काम केलं तरी राहतं आणि दुसऱ्याचं ओझं उचललं तरी राहतं.

आता तुमच्यातल्या काही जणींच्या मनात आलेला प्रश्न मीच विचारते. फाईली आपोआप जुळायला लागल्या, तर जोडणाऱ्या मुलीचं काय? खरं सांगायचं तर नुसतं जोडाजोडीचं काम कमी होतं. ज्या मुलीला केवळ कापून चिकटवता येतं, तिला पुढे अवघड जाईल. पण आकडे एका जागी आले की पुढचा प्रश्न सुरू होतो. वाहतूक अंदाजापेक्षा दोन लाखांनी जास्त का गेली? डिझेल महागलं, फेऱ्या वाढल्या, की नाशिकचं बिल पुण्याच्या खात्यात पडलं? याचं उत्तर यंत्र देत नाही. त्यासाठी नाशिकला फोन करावा लागतो, बिल बघावं लागतं, गोड बोलून खरं काढून घ्यावं लागतं. मुलाबाळांसाठी चार-पाच वर्षं घरी राहिलेल्या आणि आता परत नोकरी शोधणाऱ्या बायकांना हे काम नवीन नाही. वाण्याच्या बिलात फरक का आला, हे त्या दर महिन्याला शोधतच असतात.

मग शिकायचं कसं? ही सॉफ्टवेअरं महाग असतात आणि कंपन्याच ती घेतात, त्यामुळे घरी बसवून सराव करणं कठीण. पण तयारी घरच्या एक्सेलवर होते. पिव्होट टेबल नीट शिका. एकच माहिती शाखेप्रमाणे, महिन्याप्रमाणे, शीर्षकाप्रमाणे फिरवून पाहणं त्यात येतं, आणि जोडलेल्या शीटमध्ये नेमकं तेच करायचं असतं. पॉवर क्वेरी शिका, म्हणजे बाहेरून माहिती आणून ताजी करणं म्हणजे काय ते हाताला कळेल. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांचे प्राथमिक धडे आणि व्हिडिओ इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. त्यांतलं एकाचं पाहिलं तरी पुरे. मुलाखतीत बटणांची नावं कमी विचारतात. 'आकडा जुळला नाही तर तुम्ही काय कराल?' हे हमखास विचारतात. 'आधी रिफ्रेश करीन, मग पत्ता बघीन, मग मोजमाप, मग कुणी केव्हा बदलला ते बघीन,' एवढं क्रमाने सांगता आलं पाहिजे.

एक खुलासा करते. आपल्या गटाला, पापड-लोणच्याच्या छोट्या उद्योगाला असलं काही घेण्याची गरज नाही. आपल्याला एक वही किंवा एक साधी शीट पुरते. फक्त ती एकच असावी, तिच्यात लिहिणारी ठरलेली असावी, आणि खोडाखोड केली तर तारीख घालून सही असावी. आणि मोठ्या कंपनीतही सॉफ्टवेअर आलं म्हणून अंदाज खरा ठरत नाही. मनाला येईल तो आकडा भरला तर तो क्लाउडमध्येही मनाला येईल तोच राहतो. फरक इतकाच, की तो कुठे आहे आणि कुणाचा आहे, हे सगळ्यांना दिसतं.

मुलीला सांगा, शीट कितीही देखणी असली तरी आधी विचार, हा आकडा कुठे राहतो, तिथे लिहायचा हक्क कुणाचा, आणि तिथे माझं नाव लागणार आहे का? ही तीन उत्तरं मिळाली की मग बिनधास्त सबमिट दाब.